भेसळ, प्रमाण आणि छोटा व्यावसायिक : धाराशिव जिल्ह्यातील खवा व्यवसायाच्या संदर्भात (१९५४ ते २०२४)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीचा इतिहास बहुधा ग्राहकाच्या बाजूने लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविक आहे. १९७० च्या दशकातील महागाई, टंचाई आणि साठेबाजी यांच्या पार्श्वभूमीवर बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या प्रवासात दुकानदार हा बहुतेक वेळा प्रतिपक्ष म्हणूनच दिसतो. तो कोण होता, किती मोठा होता, त्याच्या हाती काय होते आणि काय नव्हते, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. ज्या व्यवस्थेने ग्राहकाला तक्रारीचे दार उघडून दिले, त्याच व्यवस्थेच्या उंबरठ्यावर छोटा व्यावसायिक कसा अडखळत राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील खवा व्यवसायाच्या आधारे केला आहे. खव्याची निवड करण्याचे कारण असे की, या एका पदार्थावर अन्नभेसळ प्रतिबंध, वजनमापे, ग्राहक संरक्षण, अन्न सुरक्षा आणि भौगोलिक निर्देशन असे पाच वेगवेगळे कायदे गेल्या सात दशकांत येऊन आदळले आहेत.

बालाघाटातील भट्टी

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटाच्या पठारावर, अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांत शेतीला जोड म्हणून जनावरे पाळली जातात. दूध मात्र नाशवंत. रस्ते, बर्फ आणि शीतकरण केंद्रे यांचा अभाव असलेल्या काळात सकाळचे दूध दुपारपर्यंत शहरात पोहोचणे शक्य नव्हते. दूध आटवून खवा केला की तो दोन-तीन दिवस टिकतो, पाच लिटरचा भार एका किलोवर येतो आणि एस.टी.च्या टपावरून सोलापूर, बार्शी किंवा पुण्याच्या बाजारात जाऊ शकतो. खवा हा या मुलखात चवीचा विषय होण्यापूर्वी दळणवळणाच्या अडचणीवर काढलेला तोडगा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन धर्मीयांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना घेतली. यात्रेकरूंची ये-जा आणि सोलापूर-धुळे हमरस्त्याचे सान्निध्य यांमुळे या परिसरातील खवा व पेढा यांना कुंथलगिरीचे नाव चिकटले.

या व्यवसायाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील कायदेशीर गुंता उलगडत नाही. दूध घालणारा शेतकरी वेगळा, भट्टीवाला वेगळा, खवा गोळा करून शहरात पोहोचवणारा वेगळा आणि त्याची मिठाई करून विकणारा हलवाई वेगळा. या साखळीत पावती क्वचितच फिरते. व्यवहार विश्वासावर, उचलीवर आणि आठवड्याच्या हिशेबावर चालतो. भट्टीवाला दुधाची पारख बोटाने, वासाने आणि कढईत उतरणाऱ्या उताऱ्याने करतो. उतारा कमी आला की गवळ्याचा भाव कापला जातो. ही एक प्रकारची प्रमाणीकरणाचीच पद्धत होती, फक्त तिचा कागद कोठे नव्हता.

१९५४ चा कायदा आणि 'भेसळ' या शब्दाचा विस्तार

अन्नभेसळ प्रतिबंध कायदा १९५४ साली संमत झाला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. त्यापूर्वी प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होते. मुंबई इलाख्यात १९२५ चा कायदा होता. उस्मानाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे काही वर्षांच्या अवधीत येथील व्यापाऱ्याने राजवट बदललेली पाहिली, हाली शिक्क्याचे चलन जाताना पाहिले, नंतर शेर-छटाक जाऊन किलोग्रॅम येताना पाहिले, आणि त्यातच हा नवा फौजदारी कायदा आला.

मराठीत 'भेसळ' म्हणजे एका वस्तूत दुसरी हलकी वस्तू मिसळणे. त्यात हेतू गृहीत आहे. १९५४ च्या कायद्याची व्याख्या मात्र याहून कितीतरी रुंद होती. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा पदार्थ कमी उतरला की तो कायद्याच्या दृष्टीने भेसळयुक्तच ठरत असे. त्यात काही मिसळले होते की नाही, हा प्रश्न गौण होता. १९७६ च्या दुरुस्तीने बहुतेक अपराधांना किमान सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा ठरवली. दुसऱ्यांदा अपराध सिद्ध झाल्यास दोषी व्यक्तीचे नाव, पत्ता आणि शिक्षा तिच्याच खर्चाने वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याचा अधिकारही न्यायालयास होता. लहान गावात 'भेसळखोर' हा शिक्का शिक्षेपेक्षा जड असतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. खरी भेसळ करणारे या मुलखात नव्हते असा याचा अर्थ नव्हे. स्टार्च घातलेला, वनस्पती तूप मिसळलेला खवा बाजारात येत होता आणि दिवाळीच्या तोंडावर बाहेरून येणारी बर्फी आजही जप्त होते. परंतु कायद्याच्या चाळणीत हा भेसळखोर आणि ज्याच्या म्हशीचे दूध उन्हाळ्यात पातळ आले तो, दोघेही एकाच छिद्रातून खाली पडत.

प्रमाणे तरी एकसारखी होती काय? या कायद्याखालील नियमांत म्हशीच्या दुधातील स्निग्धांश महाराष्ट्रासाठी किमान ६ टक्के, तर शेजारच्या कर्नाटकासाठी ५ टक्के होता. उमरगा तालुक्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे. सीमेच्या अलीकडील म्हशीचे साडेपाच टक्क्यांचे दूध भेसळयुक्त आणि पलीकडील तसेच दूध शुद्ध, अशी ही स्थिती अनेक दशके चालली. पुढे अन्न सुरक्षा कायद्याखालील दुरुस्त्यांमध्ये संपूर्ण देशासाठी ५ टक्के हेच प्रमाण मान्य झाले. म्हणजे ज्या साडेपाच टक्क्यांसाठी महाराष्ट्रातील विक्रेता तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊ शकत होता, ते दूध नंतर निर्दोष ठरले. आधी शिक्षा भोगलेल्यांच्या दृष्टीने या सुधारणेला काय अर्थ उरतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केल्याचे दिसत नाही.

कायद्याने विक्रेत्याला बचावाचे मार्ग दिले होते, हेही नमूद केले पाहिजे. कलम १९ नुसार परवानाधारक उत्पादकाकडून लेखी हमीसह माल घेतला असेल आणि तो जसाच्या तसा विकला असेल तर विक्रेता सुटत असे. बिलावरील मजकूरही हमी म्हणून चालत असे. पण ज्या साखळीत पावतीच नाही, तेथे हमी कोठून येणार? मोठ्या कंपनीचा डबा विकणारा शहरी दुकानदार या कलमाच्या आड उभा राहू शकत होता. भट्टीवरून खवा आणणारा कळंबचा हलवाई नव्हे. खव्याचे रूपांतर त्याने पेढ्यात केलेले असल्याने 'जसाच्या तसा' ही अटही त्याला लागू पडत नसे.

दुसरा मार्ग फेरतपासणीचा. नमुन्याचे तीन भाग केले जात आणि पहिला अहवाल मान्य नसल्यास आरोपी दुसरा भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करू शकत असे. खव्याच्या नमुन्यात टिकाऊपणासाठी फॉर्मेलिन घालावे, दर २५ ग्रॅमला दोन थेंब, असा नियम होता. पण नाशवंत पदार्थाचा नमुना किती काळ तग धरणार? दिल्ली महानगरपालिका विरुद्ध घिसाराम या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दह्याचा नमुना १९६१ मध्ये घेतला गेला, खटला १९६२ मध्ये दाखल झाला आणि फेरतपासणीची वेळ आली तेव्हा नमुना कुजलेला होता. सरकारी विलंबामुळे आरोपीचा फेरतपासणीचा हक्कच नष्ट झाला, त्यामुळे त्याला दोषी धरता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. हा निर्णय पुढे देशभरातील दूध विक्रेत्यांच्या वकिलांनी वापरला. त्यातून अनेक खटले तांत्रिक मुद्द्यावर सुटले आणि प्रामाणिक व अप्रामाणिक यांतील फरक पुन्हा एकदा पुसला गेला. निर्दोष असलेल्याला आपले निर्दोषपण कधी सिद्ध करताच आले नाही. तो फक्त सुटला.

विलंबाची परिसीमा पाहायची असेल तर राजकुमार विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा खटला पाहावा. दुधाचा नमुना १९९५ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ऑक्टोबर २०१९ चा. दुधात ४.६ टक्के स्निग्धांश आणि स्निग्धांशरहित घन पदार्थ ७.७ टक्के निघाले. दुसऱ्या घटकाचे प्रमाण ८.५ टक्के अपेक्षित होते. फरक अल्प असला तरी प्रमाण म्हणजे प्रमाण, असे म्हणत न्यायालयाने शिक्षा कायम केली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे. तथापि चोवीस वर्षे एका दूध विक्रेत्यावर टांगती राहिलेली तलवार हीसुद्धा शिक्षाच होती, हे त्यात कोठेही मोजले गेले नाही.

ग्राहक कोण?

१९८६ साली दोन गोष्टी एकत्र घडल्या. ग्राहक संरक्षण कायदा आला आणि अन्नभेसळ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांना नमुना तपासून घेण्याचा व खटला दाखल करण्याचा अधिकार मिळाला. जिल्हा पातळीवर ग्राहक तक्रार निवारण मंच स्थापन झाले. वकील नको, मोठी कोर्ट फी नको, साध्या कागदावर तक्रार चालेल, ही या मंचाची थोरवी होती. जिल्हा मंचाची आर्थिक मर्यादा सुरुवातीस एक लाख रुपये होती. ती १९९३ च्या दुरुस्तीने पाच लाख आणि २००२ च्या दुरुस्तीने वीस लाख झाली.

येथे छोट्या व्यावसायिकाची दुहेरी अवस्था स्पष्ट होते. विक्रेता म्हणून तो मंचापुढे सामनेवाला होता. पण तोच व्यावसायिक गॅसची शेगडी, मिठाईचे शीतकपाट, वजनकाटा किंवा खवा आटवण्याचे यंत्र विकत घेतो आणि ते सदोष निघते, तेव्हा तो कोण? कायद्याच्या व्याख्येतून पुनर्विक्रीसाठी किंवा 'व्यापारी प्रयोजनासाठी' वस्तू घेणारा वगळलेला होता. १९९३ साली एक स्पष्टीकरण जोडले गेले : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडणार नाही.

या तरतुदीचा अर्थ ठरवणारा निर्णय महाराष्ट्रातीलच एका लघुउद्योजकाच्या तक्रारीतून आला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने १९९० साली कोइंबतूरच्या एका संस्थेकडून सुमारे २१ लाख रुपयांचे संगणक-नियंत्रित यंत्र मागवले. यंत्र उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी त्याची तक्रार होती. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली. राष्ट्रीय आयोगाने तक्रारदार 'ग्राहक' नाही म्हणून ती रद्द केली. आणि ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचे म्हणणे उचलून धरले. न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या निर्णयात स्वतः रिक्षा चालवण्यासाठी रिक्षा घेणारा हा ग्राहक असल्याचे उदाहरण आहे. प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थिती पाहून ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले आणि तक्रारदाराला दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा ठेवला, मुदतीच्या कायद्याची सवलतही दर्शवली. पाच वर्षांनी, तीन पायऱ्या चढून झाल्यावर, जिथून सुरुवात करायला हवी होती तेथे तो येऊन पोहोचला.

या कसोटीवर भूमच्या भट्टीवाल्याचे स्थान काय? नवरा-बायको दोघेच राबत असतील तर तो ग्राहक. हंगामात दोन मजूर लावले तर? मुलाने शेजारच्या गावात दुसरी भट्टी टाकली तर? या प्रश्नांना ठरलेले उत्तर नाही. ते प्रत्येक वेळी पुराव्याने सिद्ध करावे लागते. मंचात सामनेवाला कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो आणि तक्रारीतील दोषाचा मुद्दा वर्षभर बाजूलाच राहतो. २००२ च्या दुरुस्तीने सेवांच्या बाबतीतही व्यापारी प्रयोजन वगळले गेले. दुकानाच्या आगीच्या विम्याचे काय, हा वाद त्यानंतरही चालूच होता. विमा हा नुकसानभरपाईचा करार आहे, त्यात नफा कमावण्याचा हेतू नसतो, म्हणून व्यावसायिकही विमा कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्स प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणातील नुकसान २००२ च्या गुजरात दंगलीतील होते. खोडसाळ तक्रारींविरुद्ध मूळ कायद्यात कलम २६ होते आणि १९९३ च्या दुरुस्तीनंतर त्यात दहा हजार रुपयांपर्यंत खर्च लावण्याची तरतूद होती. पण बदनामी झालेल्या दुकानदाराची गिऱ्हाइके ती रक्कम परत आणू शकत नव्हती.

प्रमाणपत्रांचे युग

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याने एक महत्त्वाची चूक दुरुस्त केली. 'असुरक्षित' आणि 'कमी दर्जाचे' यांत फरक केला आणि दुसऱ्यासाठी तुरुंगाऐवजी आर्थिक दंड ठेवला. वार्षिक उलाढाल बारा लाखांपर्यंत असलेल्यास केवळ शंभर रुपयांत नोंदणी, नमुन्याचे तीनऐवजी चार भाग, त्यांपैकी एक भाग विक्रेत्याच्या मागणीनुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय, फिरत्या विक्रेत्यांसाठी तडजोडीची तरतूद, या सर्व बाबी स्वागतार्ह होत्या. मात्र कमी दर्जासाठी दंडाची कमाल मर्यादा पाच लाख आहे आणि ज्या प्रयोगशाळेच्या अहवालाला कायद्यात किंमत आहे, तिच्यापाशी राष्ट्रीय पातळीवरची अधिस्वीकृती असावी लागते. त्या तपासणीचा खर्च विक्रेत्याने सोसायचा असतो. चाळीस किलो खवा विकणाऱ्याने आणि चाळीस टन पनीर विकणाऱ्या कंपनीने भरायची फी एकच.

या कायद्याखालील मानकांतच एक अशी विसंगती आहे की तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष जाणे आवश्यक आहे. २०११ च्या नियमांनुसार खव्यात एकूण घन पदार्थ किमान ५५ टक्के आणि शुष्क भारावर स्निग्धांश किमान ३० टक्के हवा. त्याच नियमांत महाराष्ट्रासाठी गायीच्या दुधाचे प्रमाण स्निग्धांश ३.५ आणि स्निग्धांशरहित घन पदार्थ ८.५ टक्के होते. आता साधा हिशेब करावा. अशा शंभर किलो दुधात एकूण घन पदार्थ १२ किलो, त्यांपैकी स्निग्धांश साडेतीन किलो. आटवताना उडते ते पाणी. उरलेल्या बारा किलोंत साडेतीन किलो म्हणजे २९.१७ टक्के. अर्थात कायद्याने शुद्ध ठरवलेल्या गायीच्या दुधाचा, काहीही न मिसळता, काहीही न काढता केलेला खवा कायद्यानेच कमी दर्जाचा ठरतो. नंतर गायीच्या दुधाचे प्रमाण देशभरासाठी ३.२ आणि ८.३ असे खाली आले, तेव्हा हाच आकडा २७.८ वर आला. म्हशीच्या दुधाला ही अडचण नाही. ५ आणि ९ टक्क्यांच्या दुधातूनही शुष्क भारावर ३५ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश मिळतो. पण १९७० नंतर दुग्धविकासाच्या सरकारी धोरणानेच महाराष्ट्रात संकरित गायींचा प्रसार केला आणि त्यांचे दूध अधिक परंतु पातळ असते. एका खात्याने गाय दिली आणि दुसऱ्या खात्याने तिच्या खव्याला नापास केले. भट्टीवाल्याला हा हिशेब टक्केवारीत मांडता येत नसेल. कढईतला उतारा पाहून तो त्याला नक्कीच ठाऊक असतो.

छोट्याचे छोटेपण ओळखणे कायद्याला अशक्य आहे असे नाही. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा तो प्रथम किमान एक परख केंद्र असलेल्या २५६ जिल्ह्यांपुरता ठेवला गेला आणि चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना वगळण्यात आले. तरीही प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाच्या पद्धतीविरुद्ध २३ ऑगस्ट २०२१ रोजी देशभरातील सराफांनी लाक्षणिक बंद पाळला. आधी प्रयोगशाळा, नंतर सक्ती, हा क्रम सोन्याला मिळाला. दुधाला तो कधीच मिळाला नाही.

नावाची नोंदणी

२०२३-२४ च्या सुमारास कुंथलगिरी खव्याला आणि तुळजापूरच्या कवडीला भौगोलिक निर्देशन मिळाले. जिल्ह्यात त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून. आजवरच्या प्रमाणीकरणापेक्षा हे वेगळे आहे, कारण यात प्रथमच भट्टीवाल्याच्या कौशल्याला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. आजवर तो प्रमाणापेक्षा कमी की बरोबर एवढेच विचारले जात होते. आता प्रमाणच त्याच्या कामावरून लिहिले गेले.

तथापि या नोंदणीचे दोन टप्पे असतात, याची जाणीव कमी आहे. नोंदवहीच्या 'अ' भागात निर्देशनाची नोंद होते. ती उत्पादकांच्या संस्थेच्या नावे. 'ब' भागात अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाने स्वतंत्रपणे नाव नोंदवायचे असते. ते न केल्यास पिढ्यान्‌पिढ्या कुंथलगिरीचा खवा करणाऱ्याचा स्वतःच्याच मालावरील त्या नावाचा कायदेशीर हक्क दुबळा राहतो, आणि ज्याच्याकडे कागद, कारकून व वकील आहे अशा हमरस्त्यावरील मोठ्या दुकानाचा हक्क बळकट होतो. शिवाय नाव मिळाले तरी अन्न सुरक्षेच्या मानकांतून सूट मिळत नाही. भौगोलिक निर्देशन लाभलेला खवा गायीच्या दुधाचा असेल, तर ३० टक्क्यांचा प्रश्न त्याच्यापुढे तसाच उभा आहे. निर्देशनाची नोंदणी दहा वर्षांची असते. कुंथलगिरीच्या नोंदणीचे नूतनीकरण होईल तेव्हा 'ब' भागातील यादी उघडून तीत भट्ट्यांची नावे किती आणि दुकानांची किती, हे कोणालाही मोजता येईल.